‘खराब’ आणि ‘आवाज’

आमच्या वन्सं रागावल्या की जास्तच गोड बोलतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी चुकून त्यांचा कंगवा वापरला. "वापरा की हो वहिनी, माझं काय नि तुमचं काय," असं हसून म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा कंगवा दिसेना. महिन्यानं सापडला तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. "अगंबाई, तिथे कसा गेला?" म्हणाल्या, तेही हसूनच. आमचे हे त्यांचे थोरले भाऊ. ते मला म्हणाले, "छोटीनं डूख धरला की आपण विसरून जायचं. लक्षात ठेवायला ती समर्थ आहे."

या वहीत मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की घरातलं चार ओळी लिहिते. दूध नासलं, कोण आलं, कोण गेलं, देवाकडे काय मागितलं, असलं काहीबाही. वन्संबद्दल सलग कधी लिहिलं नव्हतं. आज दुपारी मुद्दाम वही काढून लिहिते, कारण चार वर्षं आमच्या घरात जे धुमसत होतं ते या पंधरवड्यात एकदाचं बाहेर पडलं.

वन्संनी लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, या दोघांनी घर ओढलं. आधी टायपिंग, मग कॉम्प्युटर असं शिकत त्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात लागल्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माणसं तिथे येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचतात आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवतात. पूर्वी कॅसेटवर, नंतर कॉम्प्युटरवर. कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर चढवायचं, त्याला नाव द्यायचं, खराब झालेलं काढून टाकायचं, हे काम वन्संचं. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, खिडकीसमोर शिंप्याचं दुकान. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेलेली. तो त्या दर शनिवारी जुन्या टूथब्रशनं घासायच्या. खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक स्वेटर, कारण मशीनला थंड हवा लागते म्हणून सगळ्या खोलीलाच हुडहुडी भरवलेली.

रोज हातानं करायची कामं मशीननं आपली आपण करावीत म्हणून वन्सं स्क्रिप्ट लिहायच्या. स्क्रिप्ट म्हणजे काय, हे मला त्यांनी स्वयंपाकघरात समजावलं होतं. मी डबे पुसत होते, त्या ओट्याला टेकून चहा पीत होत्या.

"वहिनी, मशीनला हुकूम दिला की ते उत्तरादाखल यादी देतं. एका ओळीवर एक नाव. ती यादी दुसऱ्या हुकमाच्या हातात द्यायची, म्हणजे तो एकेक नाव घेऊन काम करतो. सगळी मेख आहे ती यादी तोडायची कुठे, यात."

"तोडायची काय त्यात? ओळ संपली की नाव संपलं."

"ते तुम्हाला कळतं. तुम्ही वाण्याला यादी दिलीत, एका ओळीवर काळी मिरी, खाली जाडं मीठ. वाणी दोन वस्तू देईल. मशीनला मोकळी जागा दिसली की ते तिथेच तोडतं. ते म्हणणार, चार वस्तू आहेत. काळी, मिरी, जाडं, मीठ."

"मग ‘काळी’ म्हणून काय देणार ते?"

"दुकानात ‘काळी’ नावाचं काही नसेल तर गप्प बसेल. असेल तर बांधून देईल. विचारणार नाही."

मला हसू आलं. "कसलं हो वेडं!"

"वेडं नाही, आज्ञाधारक. म्हणून आधीच एका ओळीत बजावायचं, ओळ संपली तरच तोड, मोकळ्या जागेला हात लावू नकोस. आणि पुढे प्रत्येक नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घालायची. बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तशी. मग हातपाय बाहेर येत नाहीत."

ग्रंथालयाचे व्यवस्थापक होते, त्यांना सगळे मागे टापटीप म्हणत. टेबलावरची पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर नसली तर त्यांचा जेवणाचा डबा उघडायचा नाही. ‘अनावश्यक’ हा त्यांचा लाडका शब्द. भिंतीवरचं कॅलेंडर अनावश्यक, वन्संचा स्वेटर अनावश्यक. थोडंफार कॉम्प्युटरचं शिकले होते, तेवढ्यावर वन्संच्या मागे उभं राहून पडद्यावर बोट ठेवायचे.

"बाई, ही काय नक्षी? जिकडेतिकडे चिन्हं! आणि ही वरची ओळ नुसतीच लोंबतेय."

"साहेब, ती नक्षी नाही. तिला हात लावू नका."

"कॉम्प्युटरवर भरतकाम करू नये बाई," असं म्हणून ते हसले आणि खोलीतले दोघं-तिघंही हसले. वन्सं गोड आवाजात म्हणाल्या, "बरं साहेब." हे मला त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हाच मला गच्चीवरचा कंगवा आठवला.

त्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वन्सं दोन दिवस रजा घेऊन माझ्या उशाशी बसल्या. नेमकी तेवढ्यात टापटीपनी स्क्रिप्ट उघडली, ती लोंबती ओळ काढली, चिन्हं काढली, आणि वर वन्संचं नाव तसंच ठेवलं.

दर बुधवारी अकराला ती स्क्रिप्ट आपोआप चालायची. काढून टाकायच्या गोष्टींची यादी घ्यायची आणि एकेक पुसायची. नसलेली गोष्ट पुसायला सांगितली तर कुरकुरायचं नाही, असंही तिला सांगितलेलं होतं. त्या बुधवारी यादीत एकच ओळ होती. खोकले, अडखळणं, दरवाजाचा आवाज आलेलं असं सगळं टाकाऊ वाचन ज्या फोल्डरमध्ये असायचं त्याचं नाव: खराब आवाज.

मशीननं मोकळ्या जागेवर तोडलं. ‘खराब’ नावाचं तिथे काही नव्हतं, ते गप्प बसलं. ‘आवाज’ नावाचं होतं. सगळी चांगली पुस्तकं त्यातच होती. अकरा वर्षांचं वाचन.

दुसऱ्या मशीनवर प्रत असायची, पण ती रोज दुपारी पहिल्याबरहुकूम होऊन जायची. दुपारी तीही रिकामी झाली. वन्सं कामावर परतल्या तेव्हा पडद्यावर फक्त ‘खराब आवाज’ शिल्लक होतं.

वन्संनी एका नजरेत ओळखलं काय झालंय ते. पण समितीपुढे टापटीप म्हणाले, "स्क्रिप्टवर नाव कोणाचं आहे? मी तर त्या फाइलला हातही लावला नाही. आणि पुन्हा असला प्रकार नको म्हणून मी ती स्क्रिप्टच पुसून टाकलीय." सगळे एकच नाव वापरून मशीनवर बसायचे, त्यामुळे कोणी काय बदललं त्याची कुठेच नोंद नव्हती. वन्सं म्हणाल्या, "चिन्हं होती. मी घातली होती." टापटीप म्हणाले, "चिन्हांनी काय होतंय बाई? उगाच काहीतरी कारणं!" मला वाटतं, ते त्यांना खरंच वाटत होतं. हात लावला नाही ही थाप होती. चिन्हांनी काही होत नाही हा विश्वास होता.

वन्संची खुर्ची गेली. त्यांना तळमजल्यावर कॅसेटच्या कपाटांशी बसवलं. ज्या कॅसेट शिल्लक होत्या त्या पुन्हा एकेक करून चढवायच्या, आणि यापुढे काहीही पुसायचं ते हातानं, दोघांच्या देखत. लोकांच्या बघण्यानं त्या खचल्या नाहीत. एका माणसानं मात्र त्यांना पार जिव्हारी लागेल असं केलं.

ते पियानोवाले आजोबा. जन्मापासून दिसत नाही, पियानो दुरुस्त करण्यात हयात गेली. त्यांच्या बायकोनं ग्रंथालयासाठी एकेचाळीस पुस्तकं वाचली होती. ती गेल्यावर आजोबा दर गुरुवारी यायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि तिचं एक प्रकरण ऐकून घरी जायचे. एका पुस्तकात ती मध्येच हसली होती; ते काढू नका म्हणून त्यांनी वन्संना बजावलं होतं, आणि वन्संनी ते हसू ‘खराब’मध्ये जाऊ दिलं नव्हतं. तिच्या कॅसेटवर पुढे दुसऱ्यांचं वाचन भरलेलं होतं. तो आवाज गेला तो गेलाच.

त्या गुरुवारी आजोबांना कोणीतरी सांगितलं की बाईंच्या हातून झालं. वन्सं पुढे जाऊन म्हणाल्या, "आजोबा, ऐका, ते माझ्या..." आजोबा म्हणाले, "एकेचाळीस पुस्तकं. एकही राखता आलं नाही तुम्हाला?" आणि काठी उचलून उठून गेले. पुढे चार वर्षं वन्संच्या चपलांचा आवाज आला की ते उठून जायचे. वन्संनी दोनदा चपला बदलल्या. तरी ओळखायचे.

वन्सं घरी आल्या की निमूट जेवायच्या आणि फार गोड बोलायच्या. "वहिनी, आमटी छान झालीय हं." मी देवाला रोज म्हणायचे, यांच्या मनातली आग विझव. एकदा त्यांनी ते ऐकलं.

"वहिनी, माझ्यासाठी मागायचंच असेल तर टापटीपला चांगली तब्येत मागा. माझं काम होईपर्यंत तो धडधाकट हवा. सर्दीसुद्धा नको."

"वन्सं, देवापुढे असं बोलू नये."

"देवापुढे नाही बोलले. तुमच्यापुढे बोलले. तुम्ही पोचवा."

आणि खोटं कशाला लिहू, मी पोचवलं. चार वर्षं मी त्या माणसाची तब्येत मागत होते.

मधल्या काळात टापटीपनी एक पुस्तिका काढली, ग्रंथालयात कॉम्प्युटर कसा वापरावा त्याची. त्यात स्क्रिप्टचं एक प्रकरण. नियम पहिला: ‘निरर्थक चिन्हे व ओळी टाळाव्यात.’ खाली नमुन्याची स्क्रिप्ट, गुळगुळीत, एकही चिन्ह नसलेली. वन्संनी पुस्तिका घरी आणली, तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आणि उशाशी ठेवली. त्या ती वाचायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे, इतका प्रसन्न असायचा.

या महिन्यात टापटीप निवृत्त व्हायचे होते. समारंभ ठरला, सगळे श्रोते, समिती, आम्ही घरची माणसंसुद्धा आमंत्रित. तो माणूस पुष्पगुच्छ घेऊन घरी गेला असता म्हणजे ‘आवाज’ पुसणारी बाई म्हणून वन्संचंच नाव कायमचं राहिलं असतं. आजोबा ऐंशीच्या पुढे गेलेले. हे वन्सं मला म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "वहिनी, त्या दिवशी चांगली साडी नेसा. पुढेच बसू."

पुढच्या बावीस खुर्च्यांवर मानकऱ्यांची कार्डं ठेवायची होती. नावं नाहीत, फक्त पदं, छापील आणि त्याखाली ब्रेलमध्ये. यादी कॉम्प्युटरवर तयार होती, एका ओळीवर एक पद. यादी वाचून मशीननं दर पदाचं एक कार्ड काढायचं. काम वन्संकडे आलं, कारण ब्रेलचं यंत्र तळमजल्यावर असतं. वन्संनी वर टापटीपकडे चिठ्ठी पाठवली: ‘पदांमध्ये मोकळ्या जागा आहेत. स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हे व विभाजनाची ओळ घालू का?’ चिठ्ठी परत आली. लाल शाईत, सुबक अक्षरात: ‘गरज नाही. पुस्तिकेप्रमाणेच करावे.’ खाली सही आणि तारीख.

वन्संनी पुस्तिकेप्रमाणेच केलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. बावीस ओळींची सत्तावन्न कार्डं निघाली. त्यांनी गठ्ठा शिपाईमामांच्या हातात दिला आणि सांगितलं, "क्रमानं ठेवा हं मामा, एका खुर्चीवर एक. उरतील ती माझ्याकडे आणा."

चार वाजता मंडळी आली. आमच्या ग्रंथालयाच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, नेहमी डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसतात. त्यांनी कार्ड उचललं. त्यावर लिहिलं होतं: माजी.

"मला काढलं का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

शेजारी खरे माजी अध्यक्ष मिशीला पीळ देत बसणार, तोच त्यांच्या हातात आलं: अध्यक्षा. मागून कोणीतरी फुसकन हसलं. देणगी देणाऱ्या गृहस्थांना ‘प्रमुख’ मिळालं, त्यांनी ते खिशात घातलं. सर्वांत जुने श्रोते म्हणून मानकऱ्यांत बसवलेले पियानोवाले आजोबा आपल्या कार्डावरून बोटं फिरवत होते. पुन्हा एकदा फिरवली.

"होणारे," ते मोठ्यानं म्हणाले. "या वयात मी काय होणारे?"

मग मात्र सभागृह गदगदून हसलं. टापटीप दारातून आले ते या हशात. त्यांच्या खुर्चीवर कार्ड होतं: सेवक. ‘निवृत्त होणारे व्यवस्थापक’ कधीच तीन तुकडे होऊन दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर जाऊन पडले होते.

"हे कोणी केलं?" ते ओरडले आणि थेट वन्संकडे बोट गेलं. "हीच! पुन्हा हीच! चार वर्षांपूर्वी एवढं करून पोट भरलं नाही!"

वन्सं उठल्या. किती गोड बोलल्या म्हणून सांगू! "अध्यक्षबाई, साहेबांची चिठ्ठी आहे, तेवढी वाचता का? मोठ्यानं वाचा, इथे पुष्कळांना दिसत नाही."

अध्यक्षबाईंनी वाचली. आधी वन्संचा प्रश्न, मग लाल शाईतलं उत्तर. मग पुस्तिकेतला नियम पहिला. त्यांचा आवाज वर्गात वाचायचा आवाज आहे, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द गेला.

"यादी तीच आहे," वन्सं म्हणाल्या. "ओळीला ओळ ठेवली असती तर बावीस कार्डं निघाली असती. मोकळ्या जागेवर तोडलं म्हणून सत्तावन्न. अध्यक्षबाईंची ‘माजी’ झाली यात फार बिघडलं नाही, कार्ड फाडता येतं. चार वर्षांपूर्वी यादीत दोन शब्द होते. ‘खराब आवाज’. ते तोडले तर काय काय होतं, ते आता इथल्या लहान मुलालाही सांगता येईल."

मग मागच्या बाजूनं एका बाईंनी हळूच म्हटलं, "खराब... आणि आवाज." आणि ‘अरे देवा’ असा उसासा एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जात गेला.

"साहेब," वन्सं म्हणाल्या, "एकच विचारते. माझ्या स्क्रिप्टमधली चिन्हं कोणी काढली?"

टापटीपनी टेबलावरचा पुष्पगुच्छ सरळ केला. पुन्हा सरळ केला. वन्सं वाट बघत उभ्या राहिल्या. चार वर्षं बघितली, त्यांना काय घाई होती?

"मला वाटलं," ते शेवटी म्हणाले, "ती नुसती शोभेची आहेत."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. देव मला क्षमा करो, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"इतिवृत्तात लिहा," वन्सं सचिवांना म्हणाल्या. "जसं म्हणाले तसंच. आणि वाचून दाखवा." सचिवांनी लिहिलं, वाचलं. "सही," वन्सं म्हणाल्या. टापटीपनी सही केली. तीसुद्धा ओळीला समांतर आली. नंतर ते हळूच म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरून जा."

"बरं साहेब," वन्सं गोड आवाजात म्हणाल्या. तो माणूस पुष्पगुच्छ तिथेच ठेवून गेला. चहाला थांबला नाही.

आजोबा जागचे उठले नव्हते. वन्सं खुर्च्यांवरची कार्डं गोळा करत त्यांच्यापाशी पोचल्या, तेव्हा त्यांनी चपलांचा आवाज ओळखला, पण काठीला हात लावला नाही.

"बाई, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलत होते. तुम्ही उठून गेलात."

आजोबांनी हात पुढे केला. वन्संनी त्यांच्या हातातलं ‘होणारे’ काढून घेतलं, गठ्ठ्यात लावलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. मला ते बघवलं नाही. घरी येताना म्हटलं, "वन्सं, म्हातारा माणूस आहे हो. त्याची काय चूक?" तर म्हणाल्या, "टापटीपनं माझी खुर्ची घेतली वहिनी. यांनी माझं ऐकून घेतलं नाही. हिशेब वेगवेगळे आहेत, एकत्र मिसळू नका."

समितीनं त्यांना दुसऱ्या मजल्यावरची खोली परत दिली. त्या सोमवारी स्वेटर घेऊन वर गेल्या. पुस्तिकेच्या सगळ्या प्रती मागवून घेतल्या आणि नियम पहिल्यावर स्वतःच्या हातानं काट मारली, दोनशे दहा प्रतींत.

आणि आज रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या जिन्यात काठीचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत, एकेक पायरी, मध्ये थांबत. मग बेल वाजली. मी पिठाचे हात पुसत उठले, तर वन्सं म्हणाल्या, "बसा."

बाहेरून आवाज आला, "बाई, मी आहे. ऐकून घ्यायला आलोय. तुम्हाला काय सांगायचं होतं ते सगळं."

वन्सं दारापाशी गेल्या, पण कडीला हात लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

"वन्सं, जिना चढून आलेत ते," मी कुजबुजले.

"चार वर्षं, वहिनी. मिनिटं चारच घेते."

आजोबांनी पुन्हा बेल वाजवली नाही. दाराच्या फटीतून त्यांच्या श्वासाची धाप ऐकू येत होती. आत कोणीतरी उभं आहे हे त्यांना कळलं असणारच. वन्संच्या पायात घरातल्या चपला होत्या. मी जप करायला लागले, पण खरं सांगायचं तर माझेही डोळे घड्याळावरच होते, आणि मी उठून दार उघडलं नाही. दोन मिनिटं झाली. तीन झाली. काठी एकदा जमिनीवर सरकली, मला वाटलं गेले. नाही गेले.

काटा चौथ्या मिनिटावर आला तशी वन्संनी कडी काढली.

"या," त्या म्हणाल्या. या खेपेला आवाजात गोडवा नव्हता, नेहमीचा कोरडा आवाज होता. "उंबरा उंच आहे, पाय उचलून टाका. वहिनी, चहा ठेवा. सांगायला वेळ लागेल."